जपान-अभ्यासातील माहिती-साक्षरता : ग्रंथपालांचे प्रशिक्षण

जपानची भाषा, इतिहास, साहित्य व समाज यांचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यांना संदर्भसाधने शोधायला आणि पारखायला शिकवता यावे, यासाठी ग्रंथपालांना दिले जाणारे प्रशिक्षण. ते मुख्यतः जपानबाहेरच्या, त्यातही उत्तर अमेरिकेतील विद्यापीठ-ग्रंथालयांत आकाराला आले.

माहिती-साक्षरतेच्या, म्हणजे माहिती शोधण्याच्या व पारखण्याच्या कौशल्याच्या, कल्पनेचा आरंभ सामान्यतः अमेरिकेतील पॉल झुर्कोव्स्की यांच्या १९७४ मधील मांडणीपासून धरतात. काहींच्या मते तो त्याआधीचा असून ग्रंथपाल पॅट्रिशिया नॅप यांनी १९६० नंतरच्या सुमारास डेट्रॉइटच्या मॉन्टिथ महाविद्यालयात केलेल्या प्रयोगात सापडतो. झुर्कोव्स्कींचा रोख नोकरी-उद्योगातील माहितीवापरावर होता. नॅप यांनी ग्रंथालयाचा वापर अभ्यासविषयातच गुंफला. जपान-अभ्यासापुरते दुसरे मत अधिक सयुक्तिक वाटते, कारण येथे विषय आणि शोधतंत्र वेगळे करता येत नाहीत.

जपानी ग्रंथालय-साधनांसाठी १९९१ मध्ये स्थापन झालेल्या उत्तर अमेरिकी समन्वय परिषदेने २००० नंतरच्या दशकात प्रशिक्षकांनाच प्रशिक्षण देण्याच्या कार्यशाळा हाती घेतल्या. एकेका विद्यापीठात बहुधा एकच जपान-ग्रंथपाल असतो, क्वचित तोही नसतो. त्यामुळे शिकून गेलेल्याने सहकाऱ्यांना शिकवावे, ही योजना व्यवहार्य ठरली.

प्रशिक्षणाचा गाभा लेखनपद्धतीत आहे. अमेरिकी ग्रंथालयांच्या तालिका (ग्रंथसूची) जपानी नावे सुधारित हेपबर्न पद्धतीने रोमन लिपीत देतात आणि शब्द तोडून लिहितात. जपानी लेखनात मात्र शब्दांमध्ये मोकळी जागा नसते. तोडणी चुकली की तालिकेत असलेला ग्रंथही हाती लागत नाही. रोमन लेखनाच्या पद्धतीही एकाहून अधिक आहेत : हेपबर्नमधील ‘शि’ कुनरेइ पद्धतीत ‘सि’ असा लिहिला जातो. व्यक्तिनामे याहून कठीण : त्याच दोन चित्राक्षरांचा उच्चार साचिको होतो, तसाच युकिकोही. म्हणून जपानी तालिकांतील काताकाना लिपीतला उच्चार तपासण्याची सवय लावावी लागते. १९४६ ते १९४९ या काळात अनेक अक्षरांची रूपे सोपी केली गेली, त्यामुळे त्याआधीच्या ग्रंथांसाठी जुनी रूपेही वापरून पाहावी लागतात. कालगणनेतही असाच पेच आहे. जपानमध्ये ग्रेगोरियन पंचांग १ जानेवारी १८७३ पासून लागू झाले. त्यापूर्वीच्या तारखा चांद्र-सौर पंचांगातल्या असल्याने त्यांचे रूपांतर नुसते वर्ष बदलून होत नाही. सामान्य माहिती-साक्षरतेच्या मानकांत, मग ती अमेरिकी महाविद्यालयीन ग्रंथालय संघटनेची २००० मधील असोत वा २०१६ मध्ये स्वीकारलेली चौकट असो, या बाबींना स्थान नाही. विषयग्रंथपालाची खरी गरज येथेच आहे.

साधनांत साइनी ही शोधनिबंध व ग्रंथ शोधण्याची जपानी ऑनलाइन सेवा, जपानच्या राष्ट्रीय संसद ग्रंथालयाची नियतकालिक-लेखसूची आणि वर्गणीने मिळणारा जपाननॉलेज हा ऑनलाइन कोशसंग्रह ही प्रमुख होत. ग्रंथांच्या दशमान वर्गीकरणाची जपानी पद्धत (१९२९) ओळखीपुरती शिकवली जाते.

यूरोपात जपानी साधनांच्या तज्ज्ञांची संघटना वार्षिक परिषदा भरवते. बाजारात न मिळणाऱ्या अंकीकृत ग्रंथांची संसद ग्रंथालयाची सेवा देशांतर्गत ग्रंथालयांना २०१४ पासून मिळू लागली; स्वामित्वहक्क (कॉपीराइट) कायद्यातील दुरुस्ती २०१९ मध्ये अमलात आल्यावर ती परदेशी ग्रंथालयांनाही खुली झाली. त्यासाठी ग्रंथालयाने संस्था म्हणून अर्ज करावा लागतो.