‘संत तुकाराम’ शांतारामांचा नव्हे

वऱ्हाडातल्या गावात एकादशीला मंदिरापुढे सिनेमाचा पडदा लागला की हमखास ऐकू येतं, “प्रभात फिल्म कंपनी म्हणजे व्ही. शांताराम, ‘संत तुकाराम’ही त्यांचाच.” हे चूक आहे. १९३६ च्या या चित्रपटाचे दिग्दर्शक विष्णुपंत दामले आणि एस. फत्तेलाल. सुरुवातीची श्रेयनामावली गाळली की नेमकी हीच नावं जातात. पडदा लावणाऱ्यांनी ती गाळू नये.

प्रभातही एकट्याची नव्हती. १९२९ साली कोल्हापुरात ती उभी राहिली, तेव्हा भागीदार पाच : शांताराम, दामले, फत्तेलाल, केशवराव धायबर, सीतारामपंत कुलकर्णी. पुण्याला कंपनी १९३३ मध्ये गेली. दामले ध्वनी सांभाळत, फत्तेलाल कलादिग्दर्शन. १९४२ मध्ये शांताराम बाहेर पडले, ‘राजकमल’ ही स्वतःची चित्रपट कंपनी काढली. तरी प्रभातचा ‘रामशास्त्री’ १९४४ मध्ये आलाच.