रोलप्ले खोलात गेला की सायकोड्रामा होत नाही

तुरुंगात किंवा परिवीक्षेवर (तुरुंगाऐवजी देखरेखीखाली बाहेर) असलेल्यांचे गट चालवणाऱ्या कर्मचाऱ्यांना नाट्यतंत्रं शिकवताना एक वाक्य हमखास कानावर येतं, "रोलप्ले जरा खोलात गेला की सायकोड्रामा होतो." होत नाही. खोल पाण्यात उतरल्यानं कोणी पाणबुड्या होत नाही, बुडतो मात्र.

रोलप्ले तुम्हाला माहीतच आहे. जुना मित्र ओढायला आला तर काय बोलायचं, साहेब ओरडला तर काय करायचं, ते करून बघायचं. गट मत देतो, मग पुन्हा करायचं. हा पुढच्या वेळेचा सराव आहे.

सायकोड्रामा ही उपचारपद्धत मानसोपचारतज्ज्ञ जेकब मोरेनो (१८८९–१९७४) यांनी उभी केली. यात एकच माणूस मध्यभागी असतो आणि त्याच्या स्वतःच्या आयुष्यातला प्रसंग जागेवर उभा केला जातो. अमेरिकेत याच्या पहिल्या पातळीच्या प्रमाणपत्रालाच ७८० तासांचं प्रशिक्षण लागतं. आपली कार्यशाळा बहुतेक दोन दिवसांची असते. खुर्च्या किती, वेळ किती, गटात माणसं किती हे बाकीचे फरक किरकोळ आहेत, त्यात डोकं घालू नका.

घोळ होतो तो एका साध्या वाक्यात. रोलप्ले छान रंगलेला असतो, गट गंभीर झालेला असतो आणि गट चालवणारा उत्साहात म्हणतो, "बरं, आता त्या रात्री खरंच काय झालं ते करून दाखव." इथे सराव संपला. आता समोर त्या माणसाचा भूतकाळ आहे, बघायला दहा जण आहेत, आणि संध्याकाळी त्याला त्याच दहा जणांबरोबर राहायचंय. काही जण अशा वेळी शौर्य सांगितल्यासारखा गुन्हा करून दाखवतात, काही गोठतात. गट चालवणाऱ्याला मात्र वाटतं, आज काम झालं. माझा सर्वात जास्त राग यावर आहे. डोळ्यांत पाणी आलं म्हणजे बदल झाला, असं नसतं.

तसंच "जरा पीडिताच्या जागी उभा राहा" याचं. भूमिकांची अदलाबदल हे सायकोड्रामाचं हत्यार आहे. त्याआधी तयारी लागते आणि नंतर सावरायला जाणता माणूस. रोलप्लेच्या मध्येच ते काढलं की एक तर टिंगल होते, नाही तर ज्यानं लहानपणी स्वतः मार खाल्लाय त्याची जुनी जखम उघडते.

मग गुन्ह्याबद्दल बोलायचंच नाही का? बोलायचं, पण एक पाऊल लांबून. एक कल्पित माणूस घ्या, विजय म्हणा. गुन्हा करायच्या बेतात विजय दार ठोठावतोय. त्याला तिथेच थांबवा आणि गटाला विचारा: आत्ता याच्या डोक्यात काय चाललंय? दहा मिनिटांपूर्वी काय चाललं होतं? कुठे मागे फिरता आलं असतं? अशी कामं करणाऱ्या गीस थिएटर कंपनीत (अमेरिकेत १९८०, ब्रिटनमध्ये १९८७ साली सुरू झालेली) पात्राच्या चेहऱ्यावर मुखवटा असतो. तो वर उचलला की आतला विचार बोलायचा. गटातला प्रत्येक जण विजयच्या तोंडून बोलतो आणि बहुतेकदा स्वतःचंच बोलतो, फक्त त्यावर त्याचं नाव नसतं. कर्मचाऱ्यांना हे "सौम्य" वाटतं. माझा अनुभव उलटा आहे. विजयला सबबी शोधायला गट मदत करत नाही, उलट त्याच्या सबबी लगेच पकडतो. स्वतःच्या सबबी मात्र सगळे सांभाळून ठेवतात.

आणि कृपा करून "वा, काय अभिनय!" म्हणू नका. टाळ्या सुरू झाल्या की पुढचा माणूस विचार करत नाही, टाळ्यांसाठी करतो. भूमिका संपली की ती उतरवायची: स्वतःचं नाव मोठ्यानं म्हणायचं, जागा बदलायची, "मी विजय नाही" असं सांगायचं. पाच मिनिटं लागतात, आणि वेळापत्रकातून पहिल्यांदा हीच कापली जातात.

कधी तरी एखादा मध्येच म्हणेल, "साहेब, हा विजय मीच आहे." तिथे तुमची परीक्षा. त्याला पुढे ढकलू नका, गप्पही करू नका. "ऐकलं मी," म्हणा, त्याला खुर्चीवर बसू द्या, विजयबद्दलचा पुढचा प्रश्न दुसऱ्याला विचारा आणि गट सुटल्यावर त्याला एकट्याला भेटा.