निगेटिव्ह कधी येणार? १४, १० आणि ७ दिवसांच्या मागची गोष्ट

२०२० च्या जुलैमध्ये आमच्या नाशिकच्या सिडकोतल्या घरात एकच प्रश्न चालू होता, काकांची कोरोना टेस्ट निगेटिव्ह कधी येणार. काका ५८ वर्षांचे, शुगर आधीपासूनच, अंबडला कंपनीत कामाला. ताप आला तर पहिले ६ दिवस "पावसात भिजलो म्हणून आलाय" असं म्हणत क्रोसिन खात घरीच बसले, मग दम लागायला लागला तेव्हा कुठे ॲडमिट व्हायला तयार झाले. काकूंनाही झाला, पण एक दिवस ताप, चव गेली, संपला विषय. डिस्चार्ज दोघांनाही वेळेत मिळाला, घोळ पुढे झाला. कंपनी म्हणाली निगेटिव्ह रिपोर्ट दाखवा मगच गेटच्या आत. मग १९व्या दिवशी टेस्ट, पॉझिटिव्ह. २६व्या दिवशी परत पॉझिटिव्ह. शेवटी ३४व्या दिवशी निगेटिव्ह आले, तोपर्यंत निम्मा पगार गेला. काकू मात्र १४व्या दिवशीच निगेटिव्ह. घरी येऊन सॅम्पल नेलं तर तेव्हा सरकारी दराने २८०० रुपये पडायचे, म्हणजे हा प्रश्न फुकटचाही नव्हता.

एकाच घरात, एकच व्हायरस, तरी २० दिवसांचा फरक का? त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

नाशिक जिल्ह्यातला पहिला पेशंट मार्च २०२० च्या शेवटी सापडला, लासलगावकडचा. तेव्हा स्वॅब पुण्याला एनआयव्ही या विषाणू संस्थेत जायचे आणि रिपोर्टची वाट बघत सगळं गाव फोनला चिकटलेलं असायचं. घरी सोडायचा नियमही कडक होता, २४ तासांच्या अंतराने २ टेस्ट आणि दोन्ही निगेटिव्ह. ऐकायला बरोबर वाटतं, पण एप्रिलमध्ये मालेगावात साथ भडकली आणि या नियमाची अडचण दिसायला लागली. माणूस ठणठणीत, ताप नाही, खोकला नाही, दोन वेळ जेवतोय, पण रिपोर्ट पॉझिटिव्ह म्हणून बेडवर. एक निगेटिव्ह आला की पुढचा पॉझिटिव्ह, की परत पहिल्यापासून मोजायचं. ८ मे २०२० ला केंद्राने नियमच बदलला. सौम्य आणि मध्यम पेशंटला लक्षणं सुरू झाल्यापासून १० दिवस झाले आणि ताप उतरलेला असला की टेस्ट न करता घरी सोडा, पुढे ७ दिवस घरातच वेगळं राहू दे. टेस्ट निगेटिव्ह येण्याची अट फक्त गंभीर पेशंट आणि ज्यांची प्रतिकारशक्ती कमी आहे अशांना राहिली.

तेव्हा बऱ्याच लोकांना वाटलं की किट कमी पडल्या म्हणून सरकारने हात झटकले. मीही तेच म्हणालो होतो. बेडची ओढाताण होतीच, नाही असं नाही, पण त्यामागे तोपर्यंत जमा झालेली माहितीही होती.

वुहानच्या २ हॉस्पिटलमधल्या १९१ पेशंटची माहिती मार्च २०२० मध्येच छापून आली होती. वाचलेल्या पेशंटमध्ये व्हायरस साधारण २० दिवस सापडत होता आणि सगळ्यात जास्त ३७ दिवस. हे वाचून जगभर घाबरगुंडी, कारण सगळे १४ दिवसांचा हिशोब धरून बसले होते (खरं तर १४ हा संपर्कात आलेल्या माणसाला लक्षणं दिसायला किती दिवस लागतात त्याचा आकडा, बरं व्हायचा नाही, पण आपल्याकडे संपर्कातल्यांचं क्वारंटाइन आणि पेशंटचं आयसोलेशन एकच समजून दोन्हीला १४ चिकटवलं). मग जर्मनीतल्या म्युनिकच्या पेशंटचा अभ्यास आला. तिथल्या लोकांनी नुसती टेस्ट नाही केली, नमुन्यातला व्हायरस लॅबमध्ये वाढतो का तेही बघितलं. ८ दिवसांनंतर जिवंत व्हायरस काही मिळाला नाही, टेस्ट मात्र पॉझिटिव्हच येत होती. मेमध्ये कोरियाने बरे होऊन परत पॉझिटिव्ह आलेल्या २८५ लोकांचा माग काढला. त्यांच्या संपर्कातले ७९० लोक तपासले, तर या परत पॉझिटिव्ह झालेल्यांकडून कोणालाच लागण झाल्याचं सापडलं नाही.

म्हणजे घड्याळं दोन आहेत. एक जिवंत व्हायरसचं, ते साध्या पेशंटमध्ये ८-१० दिवसांत थांबतं. दुसरं व्हायरसच्या आरएनएचं, म्हणजे त्याच्या तुकड्यांचं, ते महिनाभरही चालू शकतं. लग्न आटोपून वऱ्हाड गेलं तरी मांडवात अक्षता सापडतात तसं. आरटी-पीसीआर टेस्ट या अक्षता शोधते, वऱ्हाड अजून आहे की गेलं ते तिला कळत नाही.

त्यातून मग सीटी व्हॅल्यू नावाचं प्रकरण आलं. आणि इथे अर्ध्या नाशिकचा गोंधळ झाला, कारण छातीचा सीटी स्कॅनही सीटी आणि हेही सीटी, फोनवर कोणी "काकांचा सीटी किती?" विचारलं की एक जण स्कॅनचा स्कोअर सांगायचा, दुसरा टेस्टची व्हॅल्यू. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. टेस्टमध्ये नमुन्यातल्या आरएनएची डीएनए प्रत बनवतात आणि मशीन दर फेरीला ती दुप्पट करत जातं, कितव्या फेरीला ती दिसली तो आकडा म्हणजे सीटी व्हॅल्यू. लवकर दिसला म्हणजे माल जास्त. २५ आणि ३५ मध्ये १० फेऱ्यांचा फरक, म्हणजे जवळपास १००० पट. ३५ पर्यंत दिसला तर पॉझिटिव्ह असं आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन संस्थेने धरलं होतं. २०२१ मध्ये महाराष्ट्राने ही रेषा २४ वर आणायची का असं विचारलं तेव्हा आयसीएमआरने नको सांगितलं, कारण मग खरोखर पसरवू शकणारे लोकही सुटले असते. शिवाय स्वॅब नीट घेतला का, नाकात खोलवर गेला का नुसता टेकवला, यावरही आकडा हलतो. आज निगेटिव्ह, परवा पॉझिटिव्ह याचं निम्मं उत्तर तिथेच आहे.

आता काका आणि काकूंमधला फरक. चीनमध्येच ११३ पेशंटवर एक अभ्यास झाला, व्हायरसला जायला वेळ कोणाला जास्त लागतो यावर. तीन गोष्टी वर आल्या: पुरुष असणं, हॉस्पिटलमध्ये उशिरा येणं आणि व्हेंटिलेटर लागण्याइतका आजार बळावणं. काका व्हेंटिलेटरपर्यंत गेले नाहीत, पण पहिल्या दोन खान्यांत बरोबर बसतात. पुढे बरेच अभ्यास एकत्र करून बघितले तर घसा-नाकात आरएनए सरासरी १७ दिवस, एका पेशंटमध्ये तर ८३ दिवस, आणि वय वाढलं की दिवसही वाढतात असं दिसलं. शुगरवाल्यांनाही जास्त वेळ लागतो असं काही अभ्यास सांगतात. स्टिरॉइडचं थोडं अवघड आहे. आधीच्या मर्स आजारात स्टिरॉइडने व्हायरस जायला उशीर होतो असं दिसलं होतं म्हणून सुरुवातीला डॉक्टर बिचकत होते, पण जून २०२० मध्ये ब्रिटनच्या ट्रायलने दाखवलं की ऑक्सिजनवरच्या पेशंटचे जीव डेक्सामेथासोन या स्टिरॉइडने वाचतात. मग रिपोर्ट चार दिवस उशिरा निगेटिव्ह आला तर कोणाचं काय बिघडतं? सगळ्यात लांबलेले पेशंट मात्र वेगळेच, ब्लड कॅन्सरवाले वगैरे, ज्यांची प्रतिकारशक्तीच दबलेली. अमेरिकेत अशा एका बाईंमध्ये ७० दिवसांपर्यंत जिवंत व्हायरस सापडला होता. म्हणून त्यांना १० दिवसांचा नियम लागत नव्हता.

लवकर निगेटिव्ह करणाऱ्या औषधांची तर वेगळीच जत्रा. फ्रान्समध्ये मार्सेलला मार्च २०२० मध्ये ३६ पेशंटवरचा एक अभ्यास आला की हायड्रॉक्सिक्लोरोक्वीनने ६ दिवसांत व्हायरस जातो, आणि आपल्याकडे मेडिकलमधून गोळ्या गायब. मोठ्या ट्रायलमध्ये काही फायदा दिसला नाही आणि तो पेपर डिसेंबर २०२४ मध्ये मागे घेतला गेला. रेमडेसिव्हीर इंजेक्शनसाठी दुसऱ्या लाटेत लोकांनी काय काय विकलं, पण चीनच्या पहिल्या ट्रायलमध्येच औषध दिलेल्या आणि न दिलेल्यांचा व्हायरस सारख्याच वेगाने उतरला होता. मालेगावचा काढा तर आमच्याही घरी आला, मी प्यायलो, कडू होता. गंमत अशी की बहुतेक लोक दोन-तीन आठवड्यांत आपोआप निगेटिव्ह होतातच, त्यामुळे ५व्या दिवशी जे घेतलं त्याला १५व्या दिवशी श्रेय मिळतं. तुलनेला दुसरा गट नसला की काढा काय आणि गोळी काय, दोन्ही पास.

२०२१ च्या मार्चमध्ये इथे मार्केटमध्ये शिरायला तासाला ५ रुपयांची पावती सुरू झाली, आणि एप्रिलपर्यंत निगेटिव्ह कधी येणार हे विचारायचं लोक विसरलेच, ऑक्सिजन किती आणि बेड कुठे एवढंच उरलं. २१ एप्रिलला झाकीर हुसेन हॉस्पिटलच्या ऑक्सिजन टाकीला गळती लागून २० हून जास्त पेशंट गेले. त्या दिवसांत सीटी व्हॅल्यू वगैरे चैनीच्या गोष्टी होत्या.

लस आल्यावर हिशोब परत बदलला. अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगच्या खेळाडू आणि स्टाफची सारखी टेस्ट व्हायची, त्यातून कळलं की लस घेतलेल्यांमध्ये व्हायरस सर्वात वरच्या पातळीवरून खाली यायला साधारण ५.५ दिवस लागतात, न घेतलेल्यांमध्ये ७.५. सिंगापूरमध्ये डेल्टाच्या वेळी दिसलं की सुरुवातीला दोघांमध्ये व्हायरस सारखाच, पण लसवाल्यांचा लवकर उतरतो. जानेवारी २०२२ मध्ये ओमिक्रॉन आला तेव्हा होम आयसोलेशन ७ दिवसांवर आलं, शेवटचे ३ दिवस ताप नको, परत टेस्टची गरज नाही.

त्या जानेवारीत माझा चुलतभाऊ पॉझिटिव्ह होता. ८व्या दिवशी गाडीची चावी घेऊन निघाला तर काका दारातच उभे, "रिपोर्ट कुठाय?"