खर्जाला जागा लागते

तबल्याचं एखादं चांगलं रेकॉर्डिंग आधी टेबलावरच्या मुठीएवढ्या स्पीकरवर लावा, मग सहा-आठ इंची वूफर (खर्ज वाजवणारा मोठा स्पीकर) असलेल्या खोक्यावर. चाटीवरचा ‘ना’ दोन्हीकडे लख्ख ऐकू येतो. डग्गा मात्र लहान स्पीकरवर नुसता ‘टप’ वाजतो, त्याची घुमक कुठेतरी जिरून जाते. दुकानदाराने फसवलं म्हणून हे होतं असं नाही. (कधी कधी तसंही होतं, ते पुढे येईल.)

स्पीकरचं काम हवा ढकलण्याचं. तेवढ्याच जोराचा आवाज एक सप्तक खाली न्यायचा तर त्याच्या कागदी कोनाला चौपट अंतर पुढे-मागे जावं लागतं. 80 हर्ट्‌झला (म्हणजे सेकंदाला 80 कंपनांना) 1 मिलिमीटर हलणारा कोन 40 हर्ट्‌झला 4 मिलिमीटर हलायला हवा आणि 20 हर्ट्‌झला 16. तीन इंची कोनाला हे झेपत नाही. दुसरी वाट कोन मोठा करण्याची: व्यास दुप्पट केला की क्षेत्रफळ चौपट होतं. पण मोठा कोन मोठा खोका मागतो, आणि शंभर वर्षांची सगळी रस्सीखेच या खोक्यावरूनच चालू आहे.

अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमधल्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी 1925 साली आजच्या स्पीकरचा मूळ आराखडा मांडला: चुंबकाच्या फटीत तारेचं वेटोळं आणि त्याला जोडलेला कोन. असा कोन उघडा ठेवला तर त्याच्या पाठीमागून निघणारी लाट पुढच्या लाटेच्या बरोबर उलटी असते. ती वळसा घालून पुढे येते आणि आधी खर्जच खोडून टाकते. म्हणून पाठ झाकायची. पण झाकली की आत कोंडलेली हवा स्प्रिंगसारखी कोनाला अडवते, आणि खोका जितका लहान तितकी ही स्प्रिंग ताठर. बेल लॅब्जच्या अल्बर्ट थुरासने यावर तोडगा काढला आणि त्याला 1932 साली पेटंट मिळालं. खोक्याला मापून एक भोक ठेवायचं आणि पाठीमागच्या लाटेलाच कामाला लावायचं. आजच्या स्पीकरच्या मागे जी नळी दिसते ती हीच. नळीने खालचे काही स्वर उचलले जातात. मात्र तिच्या मर्यादेखाली आवाज बंद खोक्यापेक्षा झपाट्याने कोसळतो, आणि लहान नळीतून जोरात वाजवलं तर हवेची फुसफुस ऐकू येते.

तरीही 1950 पर्यंत खरा खर्ज हवा असेल तर कपाटाएवढं धूड घरात आणावं लागे. पॉल क्लिप्शचा 1946 चा क्लिप्शहॉर्न हा स्पीकर तर खोलीचा अख्खा कोपरा बळकावत असे.

हे चित्र पालटलं ते 1954 मध्ये. एडगर व्हिल्चरने त्या स्प्रिंगचं भांडण उलट्या बाजूने पाहिलं. कोनाला धरून ठेवणारी भोवतीची ताठर कड अगदी ढिली करायची, आणि कोनाला जागेवर परत आणण्याचं काम कोंडलेल्या हवेवरच सोपवायचं. हवा हे काम कडेपेक्षा जास्त इमानाने करते, त्यामुळे खर्ज स्वच्छही वाजतो. हेन्री क्लॉस या आपल्या विद्यार्थ्यासोबत त्याने अकूस्टिक रिसर्च ही कंपनी काढली. त्यांचा एआर-1 हा बारा इंची वूफरचा खोका पुस्तकांच्या दणकट फळीवर मावत असे आणि कपाटांना खाली बघायला लावत असे. किंमत वेगळीकडे मोजावी लागली: तेवढाच आवाज काढायला त्याला कितीतरी जास्त ताकदीचा अ‍ॅम्प्लिफायर लागे.

क्लॉसचा पुढचा भागीदार जोसेफ अँटन हॉफमन याने हा हिशेब सूत्रात बांधला. खोल खर्ज, लहान खोका आणि कमी विजेत जास्त आवाज या तिन्हींपैकी दोनच मिळतात. पुढे ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील आणि रिचर्ड स्मॉल यांनी खोक्याचं माप आधीच गणिताने काढण्याची पद्धत घालून दिली. लहान-मोठ्या खोक्यांचं शास्त्र लिहिणाऱ्याचं आडनाव ‘स्मॉल’ असावं, हा योगायोगच.

लहान स्पीकरवाल्यांनी एक शहाणपणाची वाटही धरली होती, ती म्हणजे खर्जाचा हट्ट सोडणं. बीबीसीने 1970च्या दशकात आपल्या प्रक्षेपणाच्या गाड्यांसाठी जेमतेम फूटभर उंचीचा एलएस3/5ए बनवला. त्यात माणसाचा आवाज खरा वाटावा, हा मुख्य आग्रह होता. खोल खर्ज त्यात नाहीच. त्याच्या थोडं वर आवाज किंचित उचलून भरीवपणाचा भास तेवढा केलाय. आवाजाचा दर्जा आणि बेस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ज्याला पटत नाही त्याने तो एकदा ऐकावा.

कॉम्प्युटरच्या टेबलावर मात्र तिसरीच युक्ती रुजली. साधारण 80 हर्ट्‌झच्या खालचा आवाज कुठून येतोय हे कानाला कळत नाही. मग खर्ज टेबलाखालच्या एका खोक्यात आणि बाकी सगळं वरच्या दोन चिमुकल्यांत! तोच हेन्री क्लॉस 1988 मध्ये केंब्रिज साउंडवर्क्स काढून याच वाटेला आला, आणि कॉम्प्युटरची साउंड ब्लास्टर ही आवाजाची कार्डं बनवणाऱ्या क्रिएटिव्हने 1997 साली ती कंपनी विकत घेतली. गोम अशी की स्वस्त संचांतले वरचे स्पीकर दोन-तीन इंची असतात. ते 150-200 हर्ट्‌झच्या खाली उतरतच नाहीत. मग त्याखालचं सगळं टेबलाखालच्या खोक्याकडे जातं; पुरुषाच्या आवाजाचा छातीचा भाग पायापाशी वाजतो आणि ओठ टेबलावर.

आपल्याकडे असे 2.1 संच (दोन चिमुकले आणि खर्जाचा एक खोका) घरोघरी शिरले तेव्हा खोक्यावर ‘पीएमपीओ’ हजारांत छापलेलं असे. लॅमिंग्टन रोडला काय नि पुण्याच्या तपकीर गल्लीत काय, गिऱ्हाईक तो आकडा पाहून खूश होई. क्षणभराच्या कमाल झटक्याचा हा आकडा मोजण्याची एकच ठरलेली रीत नव्हती. खरी सलग ताकद, म्हणजे आरएमएस, त्याच्या पासंगालाही पुरत नसे. त्या संचांचा बेस बहुतेक एकसुरी ‘धम’ होता: 100 हर्ट्‌झच्या आसपास खोका घुमायचा आणि प्रत्येक गाण्याला तोच ढोल लावायचा. तरी तेव्हा आम्हाला तो आवडला, हे कबूल करायला हवं.

आताचे छोटे स्पीकर आणखी हुशार आहेत. मूळ स्वर गाळून त्याचे वरचे स्वरांश तेवढे ऐकवले तरी मेंदू गाळलेला स्वर स्वतःच भरून काढतो, हे एकोणिसाव्या शतकापासून माहीत आहे. त्यावर बेतलेलं सॉफ्टवेअर आज चिपमध्ये बसतं. शिवाय आवाज हळू असताना चिप खर्ज भरपूर वाढवते, कारण हळू आवाजात कान खर्जाला तसाही मंद असतो. घरी हळू लावून बघितलं की स्पीकर थोराड वाटतो. पाहुणे आले, बटण वर गेलं, की चिमुकला कोन फाटू नये म्हणून चिप गुपचूप खर्ज काढून घेते, आणि गाण्यातला डग्गा पुन्हा ‘टप’ वाजू लागतो.