अजिंठा: ब्रशच्या नकलेपासून डिजिटल नकलेपर्यंत

अजिंठ्याच्या भिंतीवरचा पोपडा उडालेला भाग आज संगणकावर भरून काढता येतो, एआयला तर नुसतं सांगितलं तरी ते अर्धवट उरलेला चेहरा पुरा करून देतं. संभाजीनगरच्या कलाविद्यार्थ्यानं हे करून बघावंच. पण भरलेली रेघ कुणाच्या मनची, हेही विचारावं. हा प्रश्न संगणकाच्या कितीतरी आधीचा आहे.

ब्रिटिश लष्करी अधिकारी आणि चित्रकार रॉबर्ट गिल १८४४ पासून इथं राहून मोठाल्या कॅनव्हासवर तैलरंगात नकला करत होते. १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला आग लागली, तिथं ठेवलेल्या या नकला बहुतेक सगळ्या जळाल्या. मग १८७२ पासून जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन आले. त्यातल्याही अनेक नकला १८८५ च्या आगीत गेल्या. पेस्तनजी बोमनजींसारख्या विद्यार्थ्यांनी लेण्यात बसून ब्रश चालवला. या नकलांचे १८९६-९७ चे ग्रंथ निघाले ते मात्र ग्रिफिथ्स यांच्या नावानं. मला ही गोष्ट फार लागते.

नकलेचा भार मूळ भिंतीलाही सोसावा लागला. चित्रं उठून दिसावीत म्हणून तिच्यावर वॉर्निश फासलं गेलं. पुढं निजामाच्या पुरातत्त्व खात्यानं १९२०-२२ मध्ये इटालियन तज्ज्ञ बोलावले. त्यांनी सुटणारा गिलावा धरून ठेवला हे मोठंच काम, पण वरून दिलेली लाख (शेलॅक, चकाकी देणारा राळेसारखा लेप) काळानं पिवळी पडली.

याचा परिणाम स्क्रीनवर कसा होतो ते पाहा. अजिंठ्याचा निळा म्हणजे लाजवर्द, निळ्या दगडाची पूड करून केलेला रंग. त्यावर पिवळा थर चढला की निळा हिरवट दिसतो. अशा फोटोवर आयड्रॉपर (चित्रातला रंग उचलणारं संगणकातलं साधन) टेकवून रंग उचलला, तर हाती येतो लाजवर्द, लाख आणि दिव्याचा उजेड यांचा मिळून झालेला रंग. तोच ‘मूळ’ म्हणून पुढच्या फाइलीत जातो.

१९६४ च्या व्हेनिस सनदेनं, म्हणजे वारसा जतनाच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीनं, जीर्णोद्धाराला हद्द घालून दिली: अंदाज सुरू झाला की थांबायचं, आणि नव्यानं भरलेला भाग मूळापासून वेगळा ओळखू यायला हवा. संगणकीय पुनर्रचनेसाठी २००६ च्या लंडन सनदेनं आणखी एक मागणी केली, कोणता भाग पुराव्यावर उभा आणि कोणता अंदाजावर, ते उघड नोंदवा. आपल्याकडच्या वर्गात ही शिस्त आणणं अवघड नाही. फोटो एका लेअरवर, आपला अंदाज दुसऱ्यावर, आणि त्या लेअरच्या नावातच काम करणाऱ्या विद्यार्थ्याचं नाव.