लंडनचा पाऊस कोल्हापूरपेक्षा जास्त नाही

लंडनला बारा महिने पाऊस असतो, म्हणून तिथला पाऊस कोल्हापूरपेक्षा जास्त, हा समज आपल्याकडे वर्षानुवर्षे सांगितला जातो. तो चुकीचा आहे. लंडनचा वार्षिक सरासरी पाऊस सुमारे ६०० मिलिमीटर, तर कोल्हापूर शहराचा सुमारे १००० मिलिमीटर आहे.

गोंधळ होतो तो दिवस आणि प्रमाण यांत. अटलांटिकवरून येणारे ढग लंडनवर वर्षभर थोडे थोडे बरसतात, त्यामुळे तिथे पावसाचे दिवस अधिक भरतात. आपल्याकडे मात्र बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबरमध्येच कोसळतो आणि जुलैत पंचगंगा नदीवरचा राजाराम बंधारा पाण्याखाली जातो. पर्जन्यमापकात दिवसभराच्या भुरभुरीने दोन मिलिमीटर पाणी साचते. आपली एक जोराची सर तेवढे काही मिनिटांत भरते.

मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते दोन्ही शहरांतील साम्य: वेल्सचे डोंगर ओलांडताना ढग रिते होतात म्हणून पूर्वेकडचे लंडन त्या मानाने कोरडे राहते, आणि सह्याद्रीच्या माथ्यावरील गगनबावड्यात कोल्हापूरच्या कित्येक पट पाऊस पडतो, तोही याच कारणाने.