झ्युगानोव यांची १९९६ची राष्ट्राध्यक्षपदाची मोहीम

रशियन संघराज्याच्या कम्युनिस्ट पक्षाचे नेते गेन्नादी आंद्रेयेविच झ्युगानोव यांनी विद्यमान राष्ट्राध्यक्ष बोरिस येल्त्सिन यांच्याविरुद्ध १९९६ साली लढवलेली निवडणूक. सोव्हिएत संघ मोडल्यानंतर कम्युनिस्ट पुन्हा क्रेमलिनमध्ये पोहोचण्याच्या सर्वांत जवळ आले ते या वेळी. मतदान १६ जून आणि ३ जुलै १९९६ अशा दोन फेऱ्यांत झाले. झ्युगानोव दुसऱ्या फेरीत हरले.

झ्युगानोव यांचा जन्म १९४४ सालचा, ओरयोल प्रांतातल्या मीम्रिनो या खेड्यातला. आईवडील शिक्षक होते. ते स्वतःही गणित आणि भौतिकी शिकले आणि पुढे पक्षाच्या विचारप्रसार विभागात चढत गेले. गोर्बाचोव यांच्या सुधारणांना पक्षातून विरोध करणाऱ्यांत ते होते. ऑगस्ट १९९१च्या फसलेल्या उठावानंतर येल्त्सिन यांनी पक्षावर बंदी घातली. पुढच्या वर्षी घटनात्मक न्यायालयाने ती अंशतः उठवली आणि फेब्रुवारी १९९३मध्ये पक्ष नव्याने उभा राहिला. झ्युगानोव यांनी त्याला दिलेले वळण मात्र जुन्या पठडीतले नव्हते. वर्गसंघर्षापेक्षा राष्ट्राचा मान, बलवान राज्यसंस्था आणि ऑर्थोडॉक्स चर्चबद्दलचा आदर यांवर त्यांच्या भाषणांचा भर असे. लेनिनच्या पक्षाचा वारस चर्चची स्तुती करतो याचे पाश्चात्त्य वार्ताहरांना नवल वाटे, पण त्यांच्या सभांना येणाऱ्या म्हाताऱ्या बायाबापड्यांना त्यात काही विसंगत दिसत नव्हते.

या मोहिमेमागे खरा रेटा होता तो लोकांच्या हलाखीचा. जानेवारी १९९२मध्ये किमतींवरचे नियंत्रण उठले आणि त्या एका वर्षात महागाई सुमारे २,५०० टक्क्यांनी वाढली. बचत बँकेत आयुष्यभर साठवलेली पुंजी मातीमोल झाली. कारखान्यांचे पगार आणि निवृत्तिवेतने महिनोन्‌महिने थकत. सरकारी उद्योग कवडीमोलाने मूठभर धनिकांच्या हाती गेले आणि डिसेंबर १९९४पासून चेचन्यात युद्ध सुरू होते. डिसेंबर १९९५च्या दुमा (संसदेचे कनिष्ठ सभागृह) निवडणुकीत कम्युनिस्टांना पक्षयादीवरची २२.३ टक्के मते आणि ४५०पैकी १५७ जागा मिळाल्या. त्या हिवाळ्यात येल्त्सिन यांचा जनमताचा कौल एक आकडी होता, त्यामुळे निकाल जवळपास लागल्यातच जमा आहे असे अनेकांना वाटत होते.

फेब्रुवारीत झ्युगानोव दावोसच्या जागतिक आर्थिक परिषदेला गेले. मिश्र अर्थव्यवस्था, खासगी मालमत्तेला जागा, परकीय गुंतवणुकीचे स्वागत असा त्यांचा तिथला सूर होता. युरोप-अमेरिकेचे उद्योगपती त्यांना भावी राष्ट्राध्यक्ष मानूनच भेटत होते. मोहिमेचे हे यश तिच्यावरच उलटले. तिथे हजर असलेले रशियन धनाढ्य घाबरले. एकमेकांचे कट्टर वैरी असलेले बोरिस बेरेझोव्स्की आणि व्लादिमीर गुसिन्स्की यांनी भांडण बाजूला ठेवले, इतरांना जोडून घेतले आणि येल्त्सिन यांच्या प्रचाराची सूत्रे माजी उपपंतप्रधान अनातोली चुबाइस यांच्याकडे जातील अशी व्यवस्था केली.

पुढच्याच महिन्यात दुसरा धोका उभा राहिला. १५ मार्चला कम्युनिस्टांच्या पुढाकाराने दुमाने सोव्हिएत संघ विसर्जित करणाऱ्या १९९१च्या कराराला नाकारणारा ठराव केला. येल्त्सिन यांनी दुमा बरखास्त करून कम्युनिस्ट पक्षावर बंदी घालण्याची आणि निवडणूक पुढे ढकलण्याची तयारी केली. हुकुमांचे मसुदेही तयार होते. गृहमंत्री अनातोली कुलिकोव यांनी विरोध केला, चुबाइस आणि येल्त्सिन यांची मुलगी तात्याना यांनी समजूत घातली, तेव्हा कुठे तो बेत बारगळला.

झ्युगानोव यांचा प्रचार जुन्या धाटणीचा होता आणि त्यात लाजण्यासारखे काही नव्हते. सुमारे पाच लाख सभासद, गावोगावच्या शाखा, घरोघरी जाणारे कार्यकर्ते, हाती वाटलेली पत्रके, सभा. मॉस्कोच्या दक्षिणेकडचे शेतीप्रधान प्रांत, म्हणजे ‘लाल पट्टा’, हा त्यांचा बालेकिल्ला. सोबत शेतकरी पक्षाचे लोक, माजी उपराष्ट्राध्यक्ष अलेक्सांद्र रुत्स्कोई, माजी पंतप्रधान निकोलाय रिझकोव आणि जहाल ‘श्रमिक रशिया’चे विक्तोर अनपिलोव अशी मोट होती. पण ती एका दिशेने ओढत नव्हती. झ्युगानोव मवाळ बोलत आणि त्याच मंचावरचा दुसरा वक्ता बदल्याची भाषा करी. आर्थिक कार्यक्रम तर मतदानाला जेमतेम तीन आठवडे उरले असताना प्रसिद्ध झाला, कारण कोणतीही ठोस ओळ लिहिली की मोटेतला कुणीतरी दुखावणार होता. निष्ठावंतांना जागे करण्यात मोहीम तरबेज होती. कुंपणावरच्या मतदाराला सांगण्यासारखे तिच्याजवळ फार थोडे होते.

समोरची बाजू वेगळ्याच मापाची होती. खर्चाची कायदेशीर मर्यादा सुमारे ३० लाख डॉलरांची होती आणि सत्ताधाऱ्यांनी ती कितीतरी पटींनी ओलांडली याबद्दल अभ्यासकांत फारसा वाद नाही. देशभर पोहोचणाऱ्या तिन्ही मोठ्या दूरचित्रवाहिन्या येल्त्सिन यांच्या बाजूने होत्या. खासगी वाहिनी एनटीव्हीचे प्रमुख इगोर मलाशेन्को तर त्यांच्या प्रचारसमितीतच बसले. ‘नी दाय बोग’ (देव न करो) नावाचे रंगीत साप्ताहिक लाखो घरांच्या टपालपेटीत फुकट पडे. त्यात दुष्काळ, छळछावण्या आणि यादवीची चित्रे असत आणि झ्युगानोव यांची तुलना हिटलरशी केलेली असे. निवडणूक येल्त्सिन यांच्या पाच वर्षांच्या कारभारावर होणार होती, ती हळूहळू स्टालिनवर होऊ लागली. त्याच वेळी आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने सुमारे १० अब्ज डॉलरांचे कर्ज मंजूर केले आणि थकलेले पगार चुकते होऊ लागले. येल्त्सिन यांनी सक्तीची लष्करभरती २०००पर्यंत बंद करण्याचा हुकूम काढला (ती कधीच बंद झाली नाही), चेचन्यात युद्धबंदी केली आणि रोस्तोवच्या मंचावर तरुणांसोबत नाचलेही. समोरासमोर वादसभेचे आव्हान मात्र त्यांनी स्वीकारले नाही.

पहिल्या फेरीत येल्त्सिन यांना ३५.३, झ्युगानोव यांना ३२ आणि निवृत्त जनरल अलेक्सांद्र लेबेद यांना १४.५ टक्के मते पडली. लेबेद यांची मते व्यवस्थेवर रुष्ट असलेल्यांची होती. ती कम्युनिस्टांकडे वळू शकली असती. दोनच दिवसांत येल्त्सिन यांनी लेबेद यांना सुरक्षा परिषदेचे सचिव केले. १९ जूनला येल्त्सिन यांचे दोन प्रचारक सरकारी इमारतीतून झेरॉक्सच्या कागदाच्या खोक्यात पाच लाखांहून जास्त डॉलर रोख नेताना पकडले गेले. या प्रकरणात घरी गेले ते पकडणारेच : अंगरक्षकदलाचे प्रमुख कोर्झाकोव आणि त्यांचे साथीदार. आठवड्याभरात येल्त्सिन यांना हृदयविकाराचा झटका आला. तो मतदारांपासून लपवला गेला. झ्युगानोव प्रतिस्पर्ध्याच्या प्रकृतीचा प्रश्न विचारत होते, पण तो विचारायला त्यांना दूरचित्रवाणीचा पुरेसा पडदाच उपलब्ध नव्हता.

दुसरी फेरी रविवारऐवजी बुधवारी, सुटी जाहीर करून घेतली गेली, म्हणजे शहरी मतदार उन्हाळी घरांकडे पांगू नयेत. येल्त्सिन यांना ५३.८ टक्के, झ्युगानोव यांना ४०.३ टक्के आणि ‘यांपैकी कोणीही नाही’ या पर्यायाला ४.८ टक्के मते मिळाली. पहिल्या फेरीच्या तुलनेत झ्युगानोव यांची मते २.४२ कोटींवरून ३.०१ कोटींवर गेली, येल्त्सिन यांची २.६७ कोटींवरून ४.०२ कोटींवर. रशियन संघराज्यातल्या काही प्रजासत्ताकांतले आकडे आजही संशयाने पाहिले जातात. दागेस्तानात पहिल्या फेरीत झ्युगानोव यांना ६३ टक्के मते होती. अडीच आठवड्यांनी ती ४४ झाली आणि येल्त्सिन यांची २८वरून ५३. तातारस्तानबद्दलही अशाच तक्रारी आहेत. एक कोटी मतांचा फरक केवळ अशा हेराफेरीतून आला असे मात्र सिद्ध झालेले नाही. झ्युगानोव यांनी निकाल मान्य केला, समर्थकांना रस्त्यावर उतरवले नाही. त्यांच्याच पक्षातल्या अनेकांनी हे त्यांना कधी माफ केले नाही.

नोव्हेंबरात येल्त्सिन यांच्यावर हृदयशस्त्रक्रिया झाली. झ्युगानोव यांनी २०००, २००८ आणि २०१२मध्ये पुन्हा निवडणूक लढवली आणि अनुक्रमे २९.२, १७.७ आणि १७.२ टक्के मते मिळवली. २००४, २०१८ आणि २०२४मध्ये पक्षाने दुसरे उमेदवार दिले. २०२४चे उमेदवार निकोलाय खारितोनोव यांच्या वाट्याला ४.३ टक्के मते आली.